तिसरी ओळ

नळाला पाणी यायचं सकाळी सहाला आणि जायचं साडेसातला. त्या दीड तासात पाणी भरायचं, कपडे मशीनला लावायचे, छोटीला उठवून शाळेला तयार करायचं, डबे भरायचे आणि कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत ओट्याला टेकून एक शोधनिबंध वाचायचा, हा सुनेचा रोजचा क्रम होता. निबंधांच्या पानांवर तेलाचे डाग असत. "लोकांच्या ओट्यावर मिसळणाचा डबा असतो, आमच्या ओट्यावर संशोधन असतं," असं सासूबाई शेजारणीला सांगत. त्यात कौतुक किती आणि टोमणा किती, हे शेजारणीला कधीच कळलं नाही.

सून हे तिचं घरातलं नाव. विद्यापीठात ती नवऱ्यासारखीच नोंदणी केलेली संशोधक विद्यार्थिनी होती. दोघं एकाच वर्गात शिकली, एकाच दिवशी एकाच सरांकडे पीएच.डी.ला नोंदवली गेली. गुण तिला जास्त होते, पण तो विषय घरात निघाला की प्रत्येकाला काहीतरी दुसरं काम आठवायचं. दोघांचाही अभ्यास पिण्याच्या पाण्याचा. तो पाणी गाळायच्या नव्या पद्धती शोधत होता आणि ती नळाच्या आत धरणाऱ्या बुळबुळीत थरातले जंतू. मग लग्न झालं, छोटी झाली आणि 'आधी त्याचं होऊ दे' असं ठरलं. कुणी ठरवलं? कुणीच नाही. अशा गोष्टी ठरवाव्या लागत नाहीत, त्या ठरलेल्याच असतात.

संशोधन करणाऱ्याच्या पाचवीला वाचन पुजलेलं असतं. एकेका विषयावर आठवड्याला चाळीस-पन्नास नवे निबंध येऊन पडतात. वाचले नाहीत तर आपण तीन वर्षं खपून जे शोधलं ते दुसऱ्यानं आधीच छापलेलं निघतं. वाचत बसलं तर स्वतःच्या कामाला हात लागत नाही. तिनं यावर एक साधी युक्ती काढली होती. त्या ढिगातून कामाचे चार-पाच निवडायचे आणि प्रत्येकाच्या तीन ओळी लिहायच्या. काय केलं, काय सापडलं, काय राहिलं. पहिल्या दोन ओळी निबंध लिहिणाऱ्याच्या. तिसरी मात्र तिची स्वतःची. लिहिणाऱ्याच्या ध्यानात काय आलं नाही, पुढं काय विचारायला हवं, हे ती तिथं लिहायची. दर आठवड्याची ही चिठ्ठी तिनं स्वतःसाठीच सुरू केली होती.

चिठ्ठी आधी नवऱ्याच्या हाती लागली, मग प्रयोगशाळेतल्या सगळ्यांच्या. सोमवारी सकाळी ती दारातून आत यायच्या आधीच कुणीतरी ओरडायचं, "वहिनी, चिठ्ठी?" सगळे तिला वहिनी म्हणत. तिच्या नवऱ्याला मात्र पदवी मिळायच्या दोन वर्षं आधीपासूनच 'डॉक्टर' म्हणत. आठ-नऊ जण त्या चिठ्ठीवर आठवडा काढायचे आणि मूळ निबंध उघडायचं नाव नाही. आयत्या पिठावर रेघोट्या ओढायला कोण नको म्हणतो? सर तर बाहेर भाषणात सांगायचे, "आमच्या विभागात वाचनाची परंपरा आहे." परंपरा सकाळी सहाला उठून पाणी भरत होती, हे त्यांनी कधी सांगितलं नाही.

एका शुक्रवारी सरांनी तिला खोलीत बोलावलं.

"हे बघ, तुझी मुदत या महिनाअखेर संपते. दोनदा वाढवून दिली. अजून प्रगतीचा अहवाल नाही."

"सर, विषय हातात आलाय माझ्या. पाच महिने मोजमाप केलंय. फक्त लिहायचं राहिलंय."

"मला ठाऊक आहे तू हुशार आहेस. पण नोंदणी रद्द झाली तर वाईट दिसतं. त्यापेक्षा स्वतःहून मागे घे. त्याची मौखिक परीक्षा होऊ दे, मग तुझं पुन्हा बघू ना. घरात एक डॉक्टर झाला की दुसऱ्याला सोपं जातं."

सर माणूस म्हणून वाईट नव्हते. हीच तर अडचण होती. वाईट माणसाशी भांडता येतं, पण आपलं भलंच चिंतणाऱ्याशी कसं भांडायचं? 'बघते, सर' एवढंच म्हणून ती बाहेर आली.

घरी नवऱ्याला सांगितलं, तर त्यानं दोन्ही हात जोडले. "बुधवारी माझी परीक्षा आहे गं. बाहेरून जे परीक्षक येतायत, त्यांचे सहा निबंध वाचून त्यांच्या चिठ्ठ्या करून दे. बुधवारनंतर मी छोटीला सांभाळतो, आईलाही सांगतो. मग तुझंच, फक्त तुझंच."

"सहा निबंध तू वाचायला नकोत?"

"तू वाचलेस काय आणि मी वाचले काय, एकच ना!"

हे तो प्रेमानं म्हणाला. तिलाही ते वाक्य एकेकाळी फार आवडायचं.

तिनं सहाही निबंध वाचले. त्यातला एक तिच्याच विषयाचा निघाला. पाण्याचा वेग वाढला की नळातला थर सुटतो आणि जंतू पाण्यात येतात, असं त्या परीक्षकांनी दाखवलं होतं. तिनं दोन ओळी लिहिल्या आणि सवयीनं तिसरीही लिहून टाकली. 'पाणी बंद पडून पुन्हा आलं तर? थर वेगामुळे नव्हे, तेव्हाच सुटत असावा. पहिल्या बादलीचं पाणी तपासावं.' हाच तिचा विषय होता. पाच महिने रोज सकाळी ती पहिल्या बादलीतलं आणि पाचव्या बादलीतलं पाणी बाटल्यांत भरून प्रयोगशाळेत नेत होती. "फ्रीजमध्ये दूध ठेवायला जागा नाही आणि हिच्या नळाच्या पाण्याला गारवा हवा," अशी सासूबाईंची कुरकुरही तितकेच महिने चालू होती.

बुधवारी अकराला सभागृह भरलं. सासूबाई नवी साडी नेसून पहिल्या रांगेत बसल्या होत्या. चहाबिस्किटांची व्यवस्था बघून सून शेवटच्या रांगेत येऊन टेकली. नवरा छान बोलला. आवाज खणखणीत होता. तिला मनापासून बरं वाटलं, कारण त्याच्या गाळण्याचं काम त्यानं खरोखरच मेहनतीनं केलं होतं.

परीक्षक बुटके, हसतमुख गृहस्थ होते. शेवटी त्यांनी विचारलं, "माझा गेल्या वर्षीचा निबंध तुम्ही संदर्भात दिलाय. त्यात काय राहून गेलंय, सांगाल?"

नवऱ्याचा चेहरा खुलला. राहिलेल्या गोष्टीची ओळ त्याला तोंडपाठ होती. "सर, ते आपण स्वतःच शेवटी म्हटलंय. पाणी बंद पडून पुन्हा आलं तर काय होतं, हे पाहायचं राहिलं. थर तेव्हाच सुटत असावा. पहिल्या बादलीचं पाणी तपासावं, असं आपण लिहिलंय."

परीक्षकांनी पेन खाली ठेवलं.

"मी असं कुठंच लिहिलेलं नाही."

सभागृहात कुणीतरी हसलं.

"माझ्या शहरात पाणी दिवसरात्र असतं. ते बंद पडलं तर काय, हा प्रश्न मला सुचलाच नाही. आणि बादली? निबंधात बादली कुठून आली? हे तुम्ही वाचलंत कुठं?"

कुठंतरी पाणी मुरतंय, हे त्या गृहस्थांच्या लक्षात आलं होतं. नवऱ्यानं सरांकडे पाहिलं. सरांनी छताकडे पाहिलं. शेवटच्या रांगेत ती पुढं सरकून बसली. तिसरी ओळ कुणाची असते, हे त्यानं चार वर्षांत एकदाही विचारलं नव्हतं. तरी तिला वाटलं, आता तो सांगेल. एवढंच म्हणेल, 'हे माझ्या बायकोचं आहे.'

"मग... ते माझंच निरीक्षण असेल, सर."

"असेल?"

"आहे."

परीक्षक खूश झाले. "मग ते प्रबंधात का नाही? अहो, हा तर अख्ख्या प्रबंधापेक्षा मोठा प्रश्न आहे! याची यांच्या नावानं इतिवृत्तात नोंद करा."

सरांनी लिहायला पेन उचललं. आता ते लिहिलं गेलं असतं, तर अकरा दिवसांनी तिनं अहवाल दिला असता, तरी तीच चोर ठरली असती. नवऱ्याचा विषय चोरणारी बायको! ती कधी उभी राहिली, हे तिचं तिलाच कळलं नाही.

"पहिल्या बादलीत किती जंतू होते, ते त्यांना विचारा."

सगळ्या माना वळल्या.

"आपण कोण?" परीक्षकांनी विचारलं.

"वहिनी आहेत," कुणीतरी मदत केली. "त्यांच्या मिसेस."

"मी याच विभागातली विद्यार्थिनी आहे," ती म्हणाली. "माझी नोंदणी अजून अकरा दिवस आहे. पहिल्या बादलीत पाचव्या बादलीच्या सातपट जंतू असतात. पाच महिने रोज मोजलंय. नोंदी माझ्या अक्षरात आहेत आणि ती ओळही माझीच आहे."

"अगं, बस खाली," सर दबक्या आवाजात म्हणाले. मग परीक्षकांकडे वळून कसंनुसं हसले. "हा जरा घरगुती प्रश्न आहे. आम्ही मिटवू."

"घरगुतीच आहे," परीक्षक म्हणाले. आता ते हसत नव्हते. "म्हणूनच तो आमच्यापैकी कुणाला सुचला नाही. बाई, तुमची वही घेऊन या."

वही पाहिल्यावर नवऱ्याच्या नावाची ती नोंद झाली नाही, आणि निकाल असा लागला की नवऱ्यानं संदर्भातले सगळे निबंध स्वतः वाचून तीन महिन्यांनी पुन्हा परीक्षेला यावं. सासूबाईंनी घरी येऊन नवी साडी घडी करून कपाटात टाकली आणि त्या एवढंच म्हणाल्या, "घरातलं चारचौघांत काढलंस." मग दोन दिवस त्या तिच्याशी बोलल्या नाहीत. नवरा बोलला. "मी नंतर सांगणारच होतो." तिनं विचारलं, "कधी?" तो उठून बाल्कनीत गेला.

सोमवारी चिठ्ठी नव्हती. 'वहिनींचा पारा चढलाय' अशी कुजबुज झाली. दोघातिघांना तर खरोखरच राग आला, जणू त्यांच्या ताटातलं कुणी काढून घेतलं होतं. फक्त यंदाच आलेली एक मुलगी बिचकत जवळ आली आणि म्हणाली, "ताई, तुम्ही इतक्यातून निवडता कसं, ते मला शिकवाल?" तिला प्रयोगशाळेत पहिल्यांदाच कुणीतरी ताई म्हटलं होतं. "शिकवते की," ती म्हणाली. "पण निबंध तू वाचायचास. दोन ओळी त्याच्या, तिसरी तुझी. आणि खाली तुझं नाव घालायचंस." पुढच्या आठवड्यात त्या दोघींत आणखी दोघं येऊन बसली. बाकीचे वाट पाहत होते, वहिनींचा राग उतरायची.

वाचकहो, या बाईचा छळ कुणी केला असं तुम्ही कुणाकडे बोट दाखवून सांगू शकाल का? तिला कुणी मारलं नाही, कुणी कोंडलं नाही. सगळ्यांनी तिचं कौतुकच केलं. शिकलेल्या घरांत बाईची बुद्धी घासलेल्या भांड्यासारखी हाताशी लागते आणि ती कुणाची, हे विचारायचं कुणाला सुचत नाही. तुमच्या घरात 'आधी त्याचं होऊ दे' असं कधी ठरलं होतं, ते आज एकदा आठवून पाहा. आणि जिचं मागं राहिलं, तिचं पुढं कधी झालं का, तेही.

मुदतीला तीन दिवस उरले होते. गुरुवारी संध्याकाळी जेवणाच्या टेबलाच्या एका टोकाला ती अहवाल लिहीत होती आणि दुसऱ्या टोकाला नवरा परीक्षकांचा निबंध उघडून बसला होता. मूळचा, अख्खा, सव्वीस पानांचा. दुसऱ्याच पानावर तो अडला.

"हे इथं काय म्हणायचंय गं त्यांना?"

तिचं तोंड उघडलं. उत्तर जिभेवर होतं. चार वर्षांत असं कधी झालं नव्हतं की त्यानं विचारलं आणि तिनं सांगितलं नाही. सांगायला अर्धं मिनिट लागलं असतं, आणि घरातला ताणही तेवढाच सैल झाला असता. त्याचा चेहरा इतका थकलेला होता की तिला त्याची दया आली. सभागृहात उभं राहणं यापेक्षा सोपं होतं.

"पुन्हा वाच," ती म्हणाली. "मलाही तिथं तीनदा वाचावं लागलं होतं."

आतल्या खोलीतून सासूबाईंचा आवाज आला. दोन दिवसांच्या अबोल्यानंतर त्या बोलू लागल्या होत्या, पण सूर तोच होता. "अगं, सांग की त्याला! येतंय ना तुला?"

"येतंय, आई," ती लिहिता लिहिता म्हणाली, "कारण मी ते वाचलंय. आता तो वाचेल."