केशोरावची सायकल आणि सासूबाईंची रेंगी

दुसरी मोठी लढाई पेटायच्या दोन-तीन वर्षं आधीची गोष्ट. गोंदियात कापडाच्या दुकानात कारकुनी करणाऱ्या केशोरावनं सायकल घेतली आणि त्याचे पाय जमिनीला लागेनासे झाले. ठेल्यावर पान खायला जायचं तरी सायकल. त्यातून दिवाळी झाली. सासुरवाडीची मंडई, म्हणजे दिवाळीनंतरची गावजत्रा, आली. गाव गोरेगावच्याही पुढं, डोंगरापलीकडं. केशोरावनं बाजारभर सांगून टाकलं, "डोंगर ओलांडून सायकलनं जाणार!"

बायकोला, पुष्पाला, न्यायला सासूबाई सावित्रीबाई स्वतःच रेंगी घेऊन आल्या. रेंगी म्हणजे छपराची हलकी बैलगाडी. हाकायला उदाराम गडी होता. सावित्रीबाईंनी जावयाला आग्रह केला, "बसा ना जी रेंगीत. जागा हाय."

"बैलांच्या चालीनं मी जात नसतो," केशोराव म्हणाला. डोक्यावर साहेबी टोपी, मागं पंप बांधलेला. पहाटेच टांग मारून तो निघाला.

गोरेगावपर्यंत रस्ता सपाट. दोन्ही बाजूंना धान कापणीला आलेलं. लोक विळे थांबवून बघत आणि केशोराव उगाच घंटी वाजवी. पण पुढं चढ लागला. आधी टोपी काढावी लागली, मग कोट, मग स्वतःलाच उतरावं लागलं. सायकल ढकलत तो अर्ध्या चढावर धापा टाकत उभा होता, तेव्हा मागून घुंगरं वाजली.

रेंगी शेजारी आली. सावित्रीबाईंनी पडदा सारला. "काऊन जी जवाईबुवा, सायकल तुमाले घेऊन जाऊन राहिली, का तुमी सायकलले?"

आत पुष्पा खुदकन हसली. ते हसू केशोरावला चढापेक्षा जड गेलं.

"उतार येऊ द्या, मग सांगतो," तो म्हणाला.

उतार आला. रेंगी माथा ओलांडून जरा पुढं थांबली होती; बैलांना दम खाऊ द्यावा म्हणून उदाराम खाली उतरून तंबाखू मळत होता. केशोराव माथ्यावरून वाऱ्यासारखा सुटला आणि रेंगीच्या अगदी बगलेतून जाताना सगळा राग काढून त्यानं घंटी वाजवली. गोंदियाच्या बाजारात जन्मलेल्या बैलांनी ती सहन केली असती. हे बैल खेड्यातले. त्यांनी शेपट्या वर केल्या आणि रेंगीसकट उधळले.

"अरे रोका! रोका!" उदाराम ओरडत मागं राहिला.

आता मात्र केशोरावचा हात घंटीवरून सुटला. आत बायको, आत सासू! रेंगी धडधडत त्याच्या पुढं निघून गेली. तो जिवाच्या करारानं पायडल मारू लागला. बैल गाठल्यावर नेमकं काय करायचं, हे त्याला ठाऊक नव्हतं. तो जवळ पोचला आणि बघतो तर काय, सासूबाई पदर खोचून पुढं बसलेल्या, कासरे मुठीत आवळलेले, आणि चेहऱ्यावर भीतीचं नाव नाही. त्यांच्या वडिलांचे बैल शंकरपटात धावायचे. पोर असताना त्यांनीही कासरे धरले होते.

"बाजूले व्हा जी! मधात नोका येऊ!" त्या कडाडल्या.

खाली गावतळं होतं. सावित्रीबाईंनी कासरा ताणून बैल अलगद तळ्याच्या पाळीवर, बांधावर, वळवले. केशोरावनं ब्रेक दाबला. ब्रेकची सळई कडकन निसटली. सायकल वळली नाही. ती नाकासमोर गेली, पाळीवरून उडाली आणि जावयासकट तळ्यात पडली.

तो वर आला तेव्हा डोक्यावर शिंगाड्याची वेल होती. पुष्पा पाळीवरून धावत उतरली, चिखलात उभी राहून आधी रडली, मग त्याच्या डोक्याकडं बघून तोंड दाबून हसत सुटली. सावित्रीबाई बैल शांत करून आल्या.

"लागलं का जी?"

"नाही. आई, बैल माझ्या घंटीनं बुजले."

"मले मालूम हाय," त्या म्हणाल्या. "पन गावात बोलू नोका."

मागून धावत आलेल्या उदारामनं वाकड्या चाकाची सायकल रेंगीच्या छपरावर बांधली आणि केशोराव ओल्या धोतरानं मुकाट आत बसला. गावाच्या वेशीवर मंडईची माणसं जमली. जावयाची ही दशा बघून प्रश्न सुरू झाले, तोच सावित्रीबाईंनी ठोकून दिलं, "बैल उधळले होते. जवाई सायकल घेऊन आडवे झाले, म्हनून आमी वाचलो."

केशोरावनं तोंड उघडलं. सासूबाईंनी त्यात लगेच अनारसा कोंबला.

दुसऱ्या दिवशी तो तोंड धूत होता, तेव्हा गावातला उमराव एक थोराड, लाल डोळ्यांचा बैल ओढत अंगणात आला. मागं निम्मं गाव.

"हा कोनाले आयकत नाही जी. कालच तिघांले पाडलं. तुमी जरा पाहून घ्या."

केशोराव दोन पावलं मागं सरला. सासूबाईंकडं बघितलं, तर त्या पदराआड तोंड लपवून हलत होत्या. शेवटी त्यानं खरं काय ते सांगून टाकलं. "अहो, मी बैल थांबवले नाहीत! मीच बुजाडले! मला बैलातलं काही कळत नाही!"



"पाहा," उमराव मागं वळून गावाला म्हणाला, "शहरात राहते, शिकला हाय, पन जराही गर्व नाही."

आणि त्यानं बैलाचा दोर केशोरावच्या हातात दिला.