फेअर वही

एका सत्रासाठी परदेशी शिकायला गेलेल्या पोरीने काय काय करावं, याची यादी मैत्रिणींनी ती निघण्याआधीच करून दिली होती. फिरावं, फोटो काढावेत, नवी माणसं जोडावीत. तिकडे जाऊन मास्तरणीला अडीच महिने झाले आणि तिने मन लावून एकच गोष्ट केली होती. ती दमली होती.

मास्तरीण हे तिचं घरातलं नाव. लहानपणी पाहुण्यांच्या पोरांच्या वह्यासुद्धा ही तपासायची, म्हणून बाबांनी ठेवलेलं. बाबा एका कॉलेजच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत एकतीस वर्षं सहायक होते. काचेची भांडी विसळण्यापासून ते परीक्षेत रडकुंडीला आलेल्या मुलाच्या कानाशी ‘साडेबारा येतं रे, साडेबारा’ असं पुटपुटण्यापर्यंत सगळी कामं त्यांनी निष्ठेने केली. पोरगी रसायनशास्त्र घेणार, हे सांगायला ज्योतिषी नको होता.

दमायला काही मोठं कारण असतं तर बरं झालं असतं, निदान ते कुणाला सांगता आलं असतं. दिवसभर परकी भाषा कानांवर घ्यायची, वर्गात सगळे हसले की अर्धा क्षण उशिरा हसायचं, चौघींच्या स्वयंपाकघरात आपल्या वाट्याच्या फळीवर आपलं पातेलं शोधायचं, कपडे धुवायच्या मशीनसाठी जिन्यात टोपली घेऊन उभं राहायचं. त्यात आठवड्याला एक प्रयोग. बाकीची मुलं प्रयोग संपला की मोकळी व्हायची. हिचं अर्धं काम तिथून पुढे सुरू व्हायचं. खोलीवर येऊन, सुट्या कागदांवर खरडलेले आकडे ती कॉलेजने दिलेल्या वहीत उतरवायची. समास आखून, मथळे लाल, आकडे निळे. आधी रफ, मग फेअर. रफ कागद केराच्या टोपलीत. आईच्या दुधाबरोबर पाजलेली शिस्त होती ती.

शेजारच्यांच्या वह्यांवर डाग आणि खाडाखोड बघून तिला मनातून त्यांची कीवच यायची.

अकराव्या आठवड्यात प्रयोगशाळेच्या बाईंनी वह्या तपासायला घेतल्या. हिची वही त्यांनी दोनदा चाळली आणि हिला समोर बसवलं.

"तीनदा केलंस आणि तिन्ही वेळा बारा पूर्णांक चार?"

"हो."

"मी तुझ्या जन्माआधीपासून ब्युरेट हातात धरतेय. माझं असं येत नाही. मूळ आकडे कुठे लिहिलेस?"

"सुट्या कागदांवर."

"आण ते."

"टाकले," ती म्हणाली, आणि रफ-फेअरची सगळी पद्धत समजावून सांगायला लागली. सांगता सांगता तिचं तिलाच ते कसंतरी वाटायला लागलं. कारण पहिल्या वेळी बारा पूर्णांक सात आलं होतं, मग चार, मग पाच, मग पुन्हा चार. फेअर करताना तिने तीनदा चार लिहिलं. सगळेच लिहितात.

बाई चिडल्या नाहीत. चिडल्या असत्या तर परवडलं असतं.

"म्हणजे घडलं ते टाकून दिलंस आणि सुंदर दिसतं ते मला दिलंस," त्या म्हणाल्या. "शुक्रवारपर्यंत मूळ नोंदी आण. नाहीतर मला नापास लिहावं लागेल."

तिच्या तोंडचं पाणी पळालं. इथे नापास म्हणजे आपल्याकडच्या कॉलेजात हे सत्र धरणार नाहीत, म्हणजे वर्ष गेलं, म्हणजे बरोबरच्या सगळ्या पुढे आणि ही पुन्हा त्याच बाकावर. दोन रात्री झोप नाही की अन्न गोड लागलं नाही. कचरा उचलणाऱ्या गाडीने तिचे कागद कधीच नेले होते. तिसऱ्या दिवशी दुपारी पातेलं घासताना तिला आठवलं. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

पहिले दीड महिने ती रफ कागदांचे फोटो बाबांना पाठवत होती. प्रयोगाच्या दिवशी ते हमखास विचारायचे, "आज किती आलं?" तिच्या फोनमधली जागा भरली तेव्हा तिने ते सगळे पुसून टाकले होते. तिने ओल्या हातानेच फोन लावला.

"आहेत की," बाबा म्हणाले. "सगळे ठेवलेत. वहीतही उतरवलेत. थांब, दाखवतो."

पडद्यावर कॉलेजची जुनी, कोरी राहिलेली प्रयोगवही आली. लाल मथळे, निळे आकडे. सहा प्रयोग, एकही खाडाखोड नाही. एकतीस वर्षं इतरांच्या वह्या सांभाळलेल्या माणसाने निवृत्तीनंतर स्वतःची पहिली वही लिहिली होती.

तिने त्यांना सगळं सांगितलं. बाबांनी वही मिटली.

"मीच शिकवलं ना तुला ते," ते म्हणाले. "फोटो लगेच पाठवतो, तारखांसकट. पण ते सहाच आहेत."

"हो."

सातव्या प्रयोगाच्या दिवशी ती म्हणाली होती, बाबा, दर वेळी तेच काय बघायचं, दमते हो मी. बाबा "बरं" म्हणाले होते आणि त्यानंतर त्यांनी एकदाही विचारलं नव्हतं. तिला तेव्हा सुटल्यासारखं वाटलं होतं.

"पुढची चार पानं सोडून ठेवलीत मी," बाबा म्हणाले. "म्हटलं, दम खाल्लास की पाठवशील."

ती नळ वाहता सोडून तशीच उभी राहिली. स्वयंपाकघरात आलेल्या मुलीला वाटलं, हिच्या घरचं कुणी गेलं की काय.

बाईंनी सहा प्रयोग गुण कापून मान्य केले. उरलेले चार पुन्हा करायचे, शनिवारी सकाळी, एकटीने, तेही सत्र संपायच्या आत. म्हणजे सुट्टीचा उरलासुरला दिवसही गेला. रडावंसं वाटलं, पण त्यालाही अंगात जोर लागतो.

पहिल्या शनिवारी तिचा हात सवयीने सुट्या कागदाकडे गेला. तिने तो मागे घेतला आणि वही उघडली. ब्युरेटच्या नळीतून थेंब जास्त पडला, द्रावण भडक गुलाबी झालं. नऊ पूर्णांक आठ. तिने ते तसंच लिहिलं, आडवी रेघ मारली आणि खाली पुन्हा सुरुवात केली. नऊ पूर्णांक तीन. नऊ पूर्णांक चार. पानावर थेंब सांडून आकड्याची शाई पसरली. कुणी न विचारता तिने त्या पानाचा फोटो बाबांना पाठवला आणि भांडी विसळायला घेतली.

भांडी होईपर्यंत उत्तर आलं. बाबांच्या वहीतलं सातवं पान. मथळा लाल, आकडे निळे, समास सरळ. वर त्यांनी नऊ पूर्णांक आठ लिहिलं होतं आणि मग, पट्टी न लावता, खोडलं होतं.