उशी म्हणा, हरकत नाही

मी एक बीगल कुत्री आहे, मित्रांनो. म्हातारी आहे, जाड आहे, आणि दोन्हींबद्दल मला काडीचीही लाज वाटत नाही. तुम्ही माझी कीव करावी म्हणून मी हे सांगत नाही. माझ्याविषयी दोन घरांत जे जे बोललं गेलं, ते सारं मी गपगुमान ऐकून घेतलं. आता माझं ऐका.

माझा जन्म प्रदर्शनांत उतरणाऱ्या घराण्यात झाला. आई, आजी, मावश्या, साऱ्या बक्षिसं मिळवलेल्या. आमचं हाड भारी, डोकं रुंद, तोंड चौकोनी, कान लांब नि मऊ. आम्हांला वाढवणाऱ्या बाईंना सगळे ताई म्हणत. ताई मला रबरी चटई घातलेल्या टेबलावर उभं करायच्या, एकेक पाय जागेवर ठेवायच्या, शेपूट वर धरायच्या आणि सांगायच्या, "हलायचं नाही." मी हलत नसे. परीक्षक दात बघत, पाठीवरून हात फिरवत आणि म्हणत, "काय सुंदर डोकं आहे." त्या डोक्यात काय चाललंय, हे कुणी विचारलं नाही. तिथे तर वासांचा नुसता बाजार भरलेला असे.

पण मी वाढत राहिले. प्रदर्शनात उंचीला मर्यादा असते. खांद्यांवरून लोखंडी कमान लावून ती मोजतात. एका सकाळी ती कमान माझ्या खांद्यांवरच अडली, तिचे पाय जमिनीला लागेचनात. परीक्षकांनी मान हलवली. गाडीत बसल्याबसल्या ताईंनी धाकट्या भावाला फोन लावला. "बोटभर उंच झाली रे. तू घेऊन जा." कालपर्यंत मी घराची शान होते. वाढण्यात माझा काय गुन्हा होता, ते मला आजही कळलेलं नाही.

भावाकडेही बीगलच होते, पण मैदानातले. सशाचा माग काढण्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या वाढवलेले. सशाला कुणी मारत नसे. माग कोण नीट काढतो, एवढंच पाहायचं. त्यांची अंगं सडपातळ, पाय लांब, कान काट्यांनी फाटलेले, आणि एका जागी बसणं म्हणजे त्यांना शिक्षा. जात तीच, रंग तेच, पण आम्हांला शेजारी उभं केलं तर नातेवाईक म्हणायलाही जीभ रेटणार नाही.

"ताई, ही उशी घेऊन मी काय करू?" भाऊ म्हणाला. तेच माझं नाव पडलं.

पहिल्या दिवशी ती सगळी कुत्री भुंकत भुंकत दिसेनाशी झाली आणि मी मागे धापा टाकत राहिले. भाऊ हसला. नंतरही रोज हसला. मीही रोज गेले. नाक मलाही होतं. घाई तेवढी नव्हती.

मैदानाच्या कडेला भावाच्या गाडीत आणखी एक जण बसून असत, ताईंचे आणि भावाचे वडील. गुडघ्यांची शस्त्रक्रिया झाल्यापासून मुलानं त्यांना मैदानात उतरू देणं बंद केलं होतं. उभं आयुष्य कुत्र्यांमागे रान तुडवलेला माणूस आता काचेतून बघत बसे. "डॉक्टर चालायला सांगतात आणि तू बसायला," ते कुरकुरत. "पडलात तर?" मुलगा म्हणे, आणि तिथेच बोलणं संपे.

मग एका सकाळी भाऊ म्हणाला, "आज शेवटचं. संध्याकाळी उशीला ताईकडे परत सोडतो." त्यानं कुत्री सोडली आणि तो त्यांच्यामागे धावला. मी बांधाच्या कडेनं निघाले. तिथे वास ताजा होता. पाठीमागे गाडीचं दार वाजलं. वडील काठी टेकत उतरले होते.

मी वेग वाढवला नाही, वाढवणारही नव्हते. ते माझ्यामागे चालू लागले. ओढ्यापाशी पुढची कुत्री धावण्याच्या नादात सरळ निघून गेली होती. ससा मात्र डावीकडे वळला होता. मी वळले. गवताच्या काडीकाडीची चौकशी करत गेले. झुडपाखाली तो बसला होता, कान पाठीवर टाकून. मी भुंकले. वडील येऊन माझ्याशेजारी उभे राहिले. सशानं उडी मारली आणि तो दिसेनासा होईपर्यंत ते बघत राहिले. त्यांचा श्वास फुलला होता, पण तोंडभर हसू होतं.

भाऊ पळत आला. "बाबा, तुम्हाला खाली कुणी उतरवलं?"

"हिनं."

"पडला असतात ना."

"नाही पडलो. तुझी कुत्री वाऱ्यासारखी पळतात, त्यांच्यामागे तू जा. हिच्यामागे मला चालता येतं. हिला ताईकडे सोडणार असशील, तर मलाही तिथेच सोड."

भावानं माझा पट्टा वडिलांच्या हातात दिला. त्या संध्याकाळी कुणालाच कुठे सोडलं गेलं नाही.

पुढे ताई भेटायला आल्या. म्हणाल्या, "शेवटी रक्त आमच्याकडचं." भाऊ म्हणाला, "शिकली माझ्याकडे." दोघं तावातावानं भांडले. श्रेयाच्या त्या वाटणीत माझा वाटा कुठेच नव्हता. मी उठून अंगणात गेले.

मित्रांनो, कुत्रं घरी आणाल तेव्हा ते कुठल्या घराण्यातलं आहे, हे जरूर विचारा. मैदानातल्याला दिवसभर गॅलरीत बांधलंत, तर तो दार कुरतडेल. मग त्याला वेडा ठरवू नका. माझ्यासारखीला सोफ्याची शोभा समजून लोळवत ठेवलंत, तर ती फुगेल. मग तिला आळशी म्हणू नका. घराणं विचारा, पण तिथेच थांबू नका. आमच्याबरोबर चालून बघा.

बाहेर वडील चपला घालताहेत. त्यांची चाल आता आणखी मंद झाली आहे, माझीही. आम्ही निघालो. ज्यांना घाई आहे, त्यांनी खुशाल पुढे जावं.