एकतीस ट्रक

निवृत्त राजदूत निशा नाखवा यांनी बत्तीस वर्षं आंतरराष्ट्रीय कायद्याची सेवा केली. एका ठरावात ‘तीव्र चिंता’ लिहायचं की नुसती ‘चिंता’, यावर त्या चौदा तास भांडल्या होत्या. शेवटी नुसती चिंता मंजूर झाली. तोवर ज्यांची चिंता होती, त्यांतले बरेच उरले नव्हते.

आता युद्धगुन्ह्यांच्या न्यायालयाने त्यांची साक्ष मागितली होती. पंचवीस वर्षांपूर्वी परदेशातल्या एका नाक्यावर एका जनरलने त्यांना चहाला बसवून गप्पांत गुंतवलं. समोरून गावातली माणसं भरलेले ट्रक गेले. ती माणसं परतली नाहीत. निशाताईंनी अहवालात लिहिलं, ‘३१ ट्रक’. वरिष्ठांनी ते सुधारून ‘काही वाहने’ केलं. ताईंनी खाली सही केली.

साक्षीच्या सकाळी चेंदणी कोळीवाड्यातल्या घरी फोन वाजला. उत्तम होता, एकेकाळी त्यांच्या हाताखालचा, आता खात्यात बडा साहेब.

“मॅडम, सध्या त्या देशाशी आपले संबंध फार छान आहेत.”

“अभिनंदन.”

“एवढ्या वर्षांनी आकडा आठवत नाही म्हटलंत, तर कोणी वाईट मानणार नाही. वयाचा भाग...”

“वय फाइलीत आहे ना? शेजारीच स्मरणशक्ती असेल, बघ.”

“मॅडम, विद्यापीठातल्या त्या पदासाठी तुमचंच नाव पुढे आहे.”

“विसरभोळं कोणी असेल, तर त्याला दे.”

ओट्यावर बोंबील साफ करणाऱ्या आईने, भागीरथीबाईंनी, मान वर केली. “कोन गो, निशे?”

“दिल्ली. विसर म्हणते.”

“मोजलंस ना? मग सांग.”

साक्ष घरूनच, संगणकाच्या पडद्यावर द्यायची होती. साक्षीदाराने एकटंच बसायचं, असा नियम. ताईंनी दार लावलं.

पडद्यावर जनरलचा वकील मंद हसला. “तुम्ही गप्पा मारत होता. टिपण नाही. मग मोजलं कसं?”

“माझी आई मासळी विकायची. एका गिऱ्हाइकाशी घासाघीस, दुसऱ्याशी भांडण, आणि मोजणं चालूच. माझी मोजणी चुकली की पाठीत धपाटा. गिऱ्हाईक म्हणून तुमचे जनरल फारच सौम्य होते.”

“पण सही तर ‘काही वाहने’वर आहे.”

“माझीच आहे. भित्रेपणाने केली. तेही नोंदवा.”

टेबलावर फोन थरथरत होता. उत्तमच. ताईंनी तो पालथा घातला.

“मग नक्की किती?” न्यायाधीशांनी विचारलं.

“एकतीस. आणि अक्षरीही लिहा, महाशय. नुसते आकडे आमच्याकडे सुधारतात.”