जिवंत पाण्याचा आकडा

"शून्य! बघा, तुमचं पाणी मेलेलं आहे!" जलगुरू ओरडले, तशा आमच्या पॅकिंगच्या खोलीत दाटीवाटीने उभ्या असलेल्या माणसांनी माना उंचावल्या. मग जलगुरूंनी डोळे मिटले, पुटपुटत काचेच्या भांड्यातलं पाणी लाकडी पळीने बराच वेळ ढवळलं आणि मीटर पुन्हा बुडवला.

"दोन पॉइंट चार! जीव आला! घोट घेऊन बघा, चव बदलली ना? तीच शक्ती!"

कुणी हात जोडले, कुणी डोळे टिपले. मी मात्र हात जोडले नाहीत.

कारण मीटर आमचाच होता. आम्ही मातीशिवाय, पाण्यावर भाजी पिकवतो. शुद्ध पाण्यात खतं विरघळवायची आणि ती पुरेशी झाली का, हे मीटरने बघायचं. शुद्ध पाण्यातून वीज जवळजवळ वाहत नाही. खतांतले किंवा कसलेही क्षार विरघळले की वाहते. क्षार जास्त, आकडा मोठा. हे मला धाकट्या दिरानेच शिकवलं होतं, आणि आता तोच जलगुरूंच्या शेजारी शिष्य बनून उभा! रोज मीटर वापरणाऱ्या माणसाने अक्कल अशी गहाण टाकावी?

मी गप्पही बसले असते, पण समोर सासूबाई होत्या. त्यांचं हृदय अशक्त, डॉक्टरांनी मीठ जवळपास बंद केलेलं. आठवडाभर त्या जलगुरूंनी ढवळून दिलेलं हे 'जिवंत पाणी' तांब्या तांब्या पीत होत्या. पाय सुजले होते, धाप लागून धड बोलवत नव्हतं.

"रोग बाहेर पडतोय, आजी," जलगुरू म्हणाले. "दुप्पट प्या."

माझं डोकंच फिरलं. झाडांखालून वाहून आलेलं, शेवाळलेलं, आम्ही फेकून देतो ते पाणी मी मगभर आणलं आणि त्यात मीटर बुडवला.

"तीन पॉइंट आठ! जलगुरू, हे तुमच्यापेक्षा जास्त जिवंत आहे. घ्या घोटभर."

"वहिनी, भलतंच काय? सांडपाणी आहे ते!" दीर ओरडला.

"मग आकडा कशाचा असतो, भावजी?"

तो अडखळला. "क्षारांचा."

"यांच्या पाण्यात ते कुठून आले?"

जलगुरू पळी हळूच झोळीत सरकवत होते. दिराने ती हिसकावली आणि दुसऱ्या भांड्यातलं शुद्ध पाणी ढवळलं. मंत्र नाही, पुटपुटणं नाही, तरी आकडा चढला. त्याने पळी जिभेला लावली आणि थुंकलाच.

"मीठ!"

मिठाच्या दाट पाण्यात पळी उकळून वाळवायची. लाकडात मुरलेलं मीठ ढवळताना पाण्यात उतरतं. एवढीच ती शक्ती.

"श्रद्धा मोजायची नसते, ताई," जलगुरू गोड हसले.

"मोजायला सुरुवात तुम्हीच केलीत!"

दिराचा चेहरा पांढराफटक पडला. त्याने आईला उचललं. आम्ही दवाखान्याकडे निघालो, तर दारातले एक गृहस्थ मला विचारतात, "मीठ असेल हो, पण गुण तर येतो ना?" किळस आली मला.

सासूबाई वाचल्या. पण आता त्यांना जिना चढवत नाही.

मीटर खोटं बोलला नव्हता. त्याला क्षार कळतात, साधू आणि भामटा कळत नाही. ते आपण ओळखायचं असतं. कुणी आकडा दाखवून दिपवायला लागलं, तर हा आकडा कशाचा, एवढं विचारा. लाज वाटली तरी विचारा. सासूबाईंनी विचारलं नाही. मुलगा शेजारी उभा आहे आणि त्याला मीटर कळतो, एवढ्या भरवशावर त्या पीत राहिल्या.