पुढच्या पायांचा पडदा

बेडूक पाळायचं खूळ माझ्या मेव्हण्याचं, अभिमनचं. त्याने सुरतेहून माझ्या लेकीसाठी सदा पाण्यातच राहणारे दोन बेडूक आणले, बोटाच्या पेराएवढे. दुकानदाराने दोन जातींचा एकेक दिला होता म्हणे, पण दिसायला अगदी सारखे. मी मलेरिया खात्याचा कर्मचारी. चोपडा गावी घरामागच्या हौदात गप्पी मासे वाढवतो आणि डासांच्या अळ्या खायला गावोगावच्या विहिरींत सोडतो. शहाणपण बघा माझं, बेडूकही त्याच हौदात टाकले.

महिन्यापूर्वी नेहमीसारखा कॅन हौदात बुडवला आणि शेवंताबाई नावाच्या म्हातारीच्या गावच्या विहिरीत ओतला. घरी येऊन बघतो तर हौदात एकच बेडूक. एक विहिरीत गेला म्हणून मी हसलोसुद्धा.

परवा शेवंताबाईचा निरोप आला: मासे कमी दिसतात. मला विहिरीत गेलेला बेडूक आठवला. विहिरीत मासे सोडू द्यायला ते गाव तयारच नव्हतं. तिचा नातू थंडीतापाने मरता मरता वाचला, तेव्हा या म्हातारीनेच सगळ्यांना गप्प केलं होतं.

उरलेला बेडूक बरणीत घालून मी अमळनेरला प्राणिशास्त्राच्या झुलाल सरांकडे गेलो.

"लहानपणी फसायला होतं," सर म्हणाले. "एक जात एवढीशीच राहते. दुसरी तळहाताएवढी वाढते, मासे मटकावते. पुढचे पाय बघायचे. बोटांत पडदा असला तर बुटका. बोटं मोकळी असली तर तो खादाड."

मोकळी निघू देत, मोकळी निघू देत, माझा जप चालला होता. बेडकाने पाय पोटाखाली घेतले होते. सरांनी ओल्या कापसावर ठेवून ते हलकेच सोडवले. भिंगाखाली बोटाबोटांत पातळ पडदा होता.

"हा गरीब आहे," सर कौतुकाने म्हणाले. म्हणजे खादाड विहिरीत होता.

दुपारच्या एसटीने गाव गाठलं. विहिरीत एकही मासा नव्हता. काठाशी अळ्या वळवळत होत्या. शेवंताबाई हंडा घेऊन उभी होती.

"भाऊ, मासा कथा गयात?"

मासे कुठे गेले, याबद्दल खोटं बोलायचं ठरवून आलो होतो. पण तिच्या कडेवर तो नातू होता. मी सगळं सांगून टाकलं.

ती ओरडली नाही. हंड्याचा दोर सोडून तिने माझ्या हातात दिला.

"मंग उतर. काढ त्याले."

मी चपला काढल्या. मला पोहता येत नाही, हे तिला सांगायची हिंमत झाली नाही.