ओटीपीची वाट

कॉलेजच्या शिष्यवृत्तीचा फॉर्म दर वर्षी नव्याने भरावा लागतो. माझ्या आधारला पप्पांचा नंबर, म्हणून ओटीपी त्यांच्या मोबाईलवर यायचा. गेल्या वर्षी ते बोटीवर होते आणि समुद्रात रेंज नव्हती; फॉर्म राहून गेला. परतल्यावर जयगडच्या जेटीवर, सगळ्या खलाशांसमोर मी ओरडले, "तुमच्यामुळे माझं शिक्षण बुडणार!" ते खाली बघत जाळं आवरत राहिले.

यंदा मी रागारागाने आधारला माझा नंबर लावून घेतला. त्यांना सांगायची गरजच काय? आज सकाळी "फॉर्म भरायला जाते" एवढंच म्हणून रत्नागिरीला गेले. दोन मिनिटांत फॉर्म भरून झाला.

दुपारी घरी आले. मासेमारीची बंदी उठून आज पहिल्यांदा बोटी सुटल्या होत्या. पप्पा मात्र पायरीवर बसलेले, हातात मोबाईल.

"बोटीच्या तांडेलाला सांगितलं, माझ्या जागी दुसरा खलाशी घे," ते म्हणाले. "पण पोरी, ओटीपी आलाच नाय गो अजून."

खरं सांगायला माझी जीभ उचलेना. "सर्व्हर बंद आहे, पप्पा."

"होय? मग उद्यापण बोटीवर जात नाय मी."